एका ओवीइतका श्वास

बुलढाणा,
ता. ४-९-१९६७

ती. अक्कास,

सप्रेम जयभीम वि. वि.

तुह्यं कार्ड पोचलं. आम्ही इकडे सगळे खुशाल आहोत असं लिहायले बसलो आणि तिथंच पेन अडलं. शुद्ध लिहायले गेलो की मले खोटंच सुचते, म्हणून बोलतो तसंच लिहितो.

अक्का, मले गाडीवरून उतरवलं. माही चूक काई नाही, गाडी कुठं घासली नाही. एस.टी.च्या ड्रायव्हर लोकांची वर्षाची डॉक्टरी तपासणी झाली. डॉक्टरनं दंडाले पट्टा बांधून फुगा दाबला, पारा वर गेला तो उतरेचना. रक्तदाब वरचा एकशे ऐंशी, खालचा एकशे दहा. लाल शाईनं कागदावर लिहिलं, सहा आठवडे याच्या हाती स्टिअरिंग देऊ नये. सतरा ऑक्टोबरले पुन्हा तपासणी. तवा पारा उतरला तर गाडी, नाही तर कायमचं यार्डात. सध्या मी यार्डात उभा राहून दुसऱ्यांच्या गाड्या धुतो. मोताळ्याच्या आपल्या वस्तीतला पहिला ड्रायव्हर मी. खाकी घालून पहिल्यांदा घरी आलो तवा बाया ओसरीवर येऊन पाहत होत्या. आता त्याच खाकीत बादली घेऊन उभा राहतो आणि कोणी ओळखीचा पॅसेंजर दिसला की गाडीमागं सरकतो.

डॉक्टरनं गोळ्या दिल्या, मीठ कमी कर म्हणाला, आणि शांत बसून श्वासाचा व्यायाम कर म्हणाला. तो कसा करायचा हे विचारीपर्यंत मागच्याचा नंबर लागला. आमचा कंडक्टर कारभारी, सात वर्षं माह्यासंगं हाय, तो म्हणते की तपासणीच्या सकाळी चार गोळ्या एकदम खाऊन जाय, पारा झक मारत उतरते. तू उंद्रीच्या दवाखान्यात नर्स, म्हणजे अर्धी डॉक्टरच. तूच सांग काय करू.

मुख्य गोष्ट, आईले काई कळवू नको. माही मलकापूरची गाडी सव्वाअकराले आपल्या घरावरून जाते, तवा मी दोनदा हॉर्न देतो. तिचं घड्याळ तेच हाय. तिनं विचारलंच तर म्हण, भाऊ रजेवर हाय.

गीता आणि पोरी मजेत. तुह्या मायेत कमी पडू देऊ नको.

तुहा,
भाऊराव

उंद्री,
ता. ९-९-१९६७

चि. भाऊराव यास,

अन्नपूर्णाचे अनेक आशीर्वाद व जयभीम.

पत्र वाचून आधी रागच आला. एवढं मोठं पोटात ठेवून कार्डावर खुशाली लिहिणार होतास. आणि मला अर्धी डॉक्टर म्हणालास, पगार मात्र पाव डॉक्टरचाही मिळत नाही, हे कारभारीलाही सांग.

त्याच्या चार गोळ्यांचं डोक्यातून काढून टाक. ही गोळी रोज एक घेऊन हळूहळू काम करते. चार एकदम खाल्ल्यास तर डोळ्यांवर झापड येईल, आणि चुकून पास झालास तर झोपेत गाडी चालवशील. तुला मागे बसलेल्या लोकांची चाड आहे म्हणून तर तुझा पारा चढला असेल. डॉक्टरांनी सांगितलं तशी एकच घे, आणि लोणचं गीताच्या ताब्यात दे.

श्वासाचं म्हणशील तर डॉक्टर बरोबर बोलले. बाळंतिणीला कळा येतात तेव्हा मी हेच सांगते. घाबरलेलं माणूस वरच्यावर श्वास घेतं, छातीतल्या छातीत. तू ताठ बस, खांदे सैल सोड, नाकानं श्वास घे आणि तो पोटापर्यंत जाऊ दे. सकाळ-संध्याकाळ दहा दहा मिनिटं. बाकी तुला मी श्वासाचं काय शिकवणार, नळगंगेच्या डोहात बुडी मारून तूच सगळ्या पोरांना हरवायचास. आई काठावर हंबरडा फोडायची आणि तू पलीकडे दात काढत वर यायचास.

गोजरबाईच्या सुनेला कळा सुरू झाल्या म्हणून गाडीवान दारात उभा आहे, इथंच थांबते. आईला मी खोटं सांगणार नाही, पण विचारल्याशिवाय सांगणारही नाही. प्रकृतीचं खरं खरं लिहीत जा, एवढं माझ्यासाठी कर.

तुझी,
अक्का

बुलढाणा,
ता. १८-९-१९६७

ती. अक्काबाईंना,

गीताचा सप्रेम जयभीम.

हे कार्ड यांना न सांगता टाकत आहे, म्हणून रागावू नये. तुमचं पत्र आल्यापासून हे रोज पहाटे न्हाणीपाशी बसतात. गाल फुगवून, नाक दाबून श्वास धरून ठेवतात. थोरल्या पोरीला आकडे मोजायला बसवतात. परवा एकशे दहापर्यंत गेले. डोळे लाल झाले, मानेच्या शिरा दोरीसारख्या वर आल्या. मी म्हटलं हे कसलं औषध, तर म्हणाले अक्कानं सांगितलं आहे, तुला काय समजते.

शनिवारी डेपोच्या दवाखान्यात पट्टा बांधून पाहिला. एकशे नव्वद आणि एकशे सोळा. तुम्हाला कळवू नको म्हणाले. दीडशे मोजेपर्यंत दम धरता आला की पारा आपोआप उतरेल असं त्यांचं म्हणणं आहे. गोळी मात्र रोज देते मी, आणि बिनमिठाची भाजी पुढं आली की पोरींवर राग निघतो.

आणखी एक. कारभारीभाऊ आले होते. मी विचारलं की असं एकाएकी काय झालं यांना. त्यांनी घाटातलं काहीतरी बोलायला सुरुवात केली आणि हे आत आले तसे गप्प झाले. मग चहा अर्धा टाकून गेले. तुम्ही विचारलं तर हे सांगतील, मला सांगणार नाहीत. मला फार भीती वाटते, अक्काबाई. तुमचा आधार असू द्यावा.

आपली,
गीता

उंद्री,
ता. २१-९-१९६७

चि. भाऊराव यास,

अनेक आशीर्वाद.

तू काय करतोस ते मला कळलं. कोणी कळवलं ते विचारू नको, आणि घरात त्यावरून एक शब्द बोललास तर मी पहिल्या गाडीनं येऊन तुझा कान धरीन. तू चौतीस वर्षांचा आहेस हे तेव्हा मी पाहणार नाही.

आधी माझी चूक सांगते. श्वास घ्यायचा कसा ते लिहिलं, सोडायचा कसा ते लिहायचं राहिलं. वर डोहाची आठवण काढून तुला चढवलं. तुझ्यासारख्याला डोहाची आठवण देणं म्हणजे बैलाला लाल फडकं दाखवणं. सव्वाशे बाळंतपणं केलेल्या बाईनं अशी चूक करावी याची मला लाज वाटते. गोजरबाईच्या सुनेला मी समोर बसून शिकवलं, आणि माझ्याच भावाला घाईघाईत अर्धं.

आता नीट वाच. श्वास धरून ठेवायचा नाही. धरलास की सगळं अंग आवळतं आणि पारा चढतो. डोह वेगळा आणि हे वेगळं. इथं जिंकायचं काही नाही. नाकानं सावकाश घे, पोट पुढे येऊ दे, आणि लगेच सोडायला लाग. सोडताना दुप्पट वेळ लागला पाहिजे, गरम दुधावर फुंकर घालतो तितकी हळू. चार आकडे आत, आठ बाहेर. चक्कर आली तर थांब. आणि गोळी सोडू नको, श्वासानं गोळी सुटत नाही.

आता माझ्या प्रश्नाचं उत्तर दे. तुझ्या वाटेवरच्या राजूरच्या घाटात काय झालं. आणि दुसरा प्रश्न, तो विचारायला मला आधी सुचायला हवा होता. घाट उतरताना तू श्वास घेतोस का. यार्डात एखाद्या रिकाम्या गाडीत बसून आठवून पाहा आणि मला कळव. तपासणीला सव्वीस दिवस राहिले आहेत.

काळजीत असलेली,
अक्का

बुलढाणा,
ता. २६-९-१९६७

ती. अक्कास,

स. ज. वि. वि.

तू नसतं विचारलं तर मी मरेपर्यंत सांगितलं नसतं.

बावीस जुलैची गोष्ट. पाऊस आणि धुकं, समोरचं वीस पावलंही दिसत नव्हतं. मी घाट उतरून राह्यलो होतो. तिसऱ्या वळणावर खालून एक ट्रक माह्या बाजूनं वर आला. मी ब्रेक दाबला, गाडी ओल्या रस्त्यावर सरकत गेली आणि पुढचं चाक कठड्याच्या दगडाले टेकून थांबली. गाडीले ओरखडा नाही, माणसाले खरोच नाही. ट्रकवाला थांबलाही नाही. सेहेचाळीस पॅसेंजर होते. सगळे खाली उतरले, एका म्हातारीनं टोपल्यातले पेरू वाटले. लोक माही तारीफ करून राह्यले आणि मी तसाच सीटवर. अक्का, माह्ये हात चाकावरून सुटत नव्हते. बोटं उघडेच ना. कारभारीनं एकेक बोट धरून सोडवलं. मग त्यानं लोकांले सांगितलं की ड्रायव्हर इंजिन पाहून राह्यला. त्याले मी शपथ घातली की कोणाले बोलायचं नाही. नंतर गाडी घेतली, मोताळ्यात आलो आणि रोजच्यासारखे दोन हॉर्न दिले.

काल तू सांगितलं तसं रिकाम्या गाडीत बसलो. डोळे मिटले आणि मनातल्या मनात घाट उतरलो. वरच्या चौकीपाशी श्वास थांबला तो राजूर येईपर्यंत घेतलाच नाही. छाती फुटायले आली तवा समजलं. म्हणजे जुलैपासून रोज, जाताना-येताना, मी सारा घाट तसाच उतरत-चढत होतो. आणि वर पुन्हा न्हाणीपाशी बसून तेच करत होतो. माह्या मूर्खपणाले काय म्हणावं. मले भीती वाटते हे लिहायले तीन कागद फाडले, पण वाटते, हे खरं हाय.

तुह्यं चार-आठ करून पाहिलं. सोडायचं जमते, पण आकडे मोजायले लागलो की डोळ्यासमोर एकशे ऐंशी उभं राहते, मग एकशे नव्वद. आकड्यानंच मले गाडीवरून उतरवलं, तोच आकडा कसा शांत करीन. दुसरं काही असलं तर सांग. दिवस थोडे हायेत. गीताले मी काई बोललो नाही, उलट तिनं केलेली बिनमिठाची वांग्याची भाजी गुपचूप खाल्ली.

तुह्या भरोशावर,
भाऊराव

मोताळा,
ता. ३-१०-१९६७

चि. भाऊराव यास,

अनेक आशीर्वाद.

चार दिवसांची रजा काढून आईकडे आले आहे. रागावू नको, आईला सगळं सांगितलं. खरं तर तिनं मला सांगितलं. मी चप्पल काढायच्या आत म्हणाली की चार आठवड्यांपासून सव्वाअकराची गाडी मुकी जाते. रजेवर असता तर भाऊ घरी आला असता, आजारी असता तर गीतानं निरोप धाडला असता, म्हणजे लाज वाटेल असं काहीतरी झालं आहे. तिनं कोणालाही विचारलं नाही. रोज त्या वेळेला जातं थांबवते, गाडी जाऊ देते आणि पुन्हा दळायला लागते.

घाटाचं सगळं तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, बोटं सुटली नाहीत यात लाजायचं काय, पन्नास जणांचा भार धरला होता त्या बोटांनी.

आता कामाचं ऐक. आज सकाळी ती ज्वारी दळत होती. गिरणीचं पीठ तिला अजून गोड लागत नाही. मी शेजारी बसून तिच्याकडे पाहत राहिले आणि एकदम माझ्या लक्षात आलं. ओवीची ओळ लांबवताना तिचा श्वास आपोआप सुटत जातो. ओळ संपली की मूठभर दाणे टाकते, तेवढ्यात श्वास आत जातो. मी ड्यूटीचं घड्याळ लावून मोजलं. मिनिटाला सहा, फार तर सात. मला जे आकड्यांनी शिकवायला जमलं नाही ते आई चाळीस वर्षं पीठ दळताना करते आहे.

देवांच्या ओव्या तिनं छप्पन साली धर्म घेतला तेव्हाच सोडल्या, हे तुला माहीत आहे. मग जात्यावर म्हणायचं काय, म्हणून तिनं स्वतःच बांधल्या. त्यातली एक तुझी आहे. तुला पहिल्यांदा घाटाची गाडी मिळाली त्या आठवड्यातली. आपल्याला कधी सांगितली नाही, आज मी ऐकली:

वळणा-वळणाचा घाट, गाडी येते सावकास,
माह्या लेकाच्या मागं बसले मायबाईचे लेक पन्नास.

एका ओळीला एक श्वास सोडायचा. ओळ संपली की दाणे टाकल्यासारखा श्वास घ्यायचा, आणि दुसरी ओळ. मोठ्यानं म्हणू नको, मनात म्हण. बायकांची ओवी म्हणून लाजशील तर आईला पत्र लिहून तसं कळव, मी मध्ये पडणार नाही.

आई रोज आठवण काढते. पारा किती ते आठवड्याला लिही.

तुझी,
अक्का

बुलढाणा,
ता. १८-१०-१९६७

ती. अक्कास आणि आईस,

स. ज. वि. वि.

आई मोताळ्याहून तुह्यासंगं उंद्रीले आली असं कळलं, म्हणून दोघींले एकच पत्र. हे तू तिले वाचून दाखव, पण रडायची जागा आली तर गाळ.

पंधरा दिवस तुह्यं सांगणं अंगावरच्या कपड्यासारखं धरलं. सकाळी वीस मिनिटं, दुपारी यार्डात रिकाम्या गाडीत वीस मिनिटं. गाडी धुताना सुद्धा ओवी चालू. गेल्या शनिवारी एकशे चोपन्न झाला होता. वाटलं, जमलं.

काल तपासणीले गेलो. दारातच कारभारी कागदाच्या पुडीत चार गोळ्या घेऊन उभा होता. मी पुडी त्याच्या खिशात परत घातली आणि त्यालेच म्हटलं, तू ये संगं, बाहेर बस. तो बसला. आत गेलो, लाल शाईची दौत दिसली, आणि अक्का, सगळं गेलं. पट्टा बांधला. एकशे अडुसष्ट. डॉक्टरनं पेन उचललं. मी म्हटलं साहेब, मले दहा मिनिटं बाकावर बसू द्या. ते घड्याळाकडे पाहून बसू द्यायले तयार झाले, उपकार त्यांचे.

बाकावर बसून मी घाट मनात उतरायले लागलो. पहिलं वळण, एक ओळ. दुसरं वळण, दुसरी ओळ. तिसऱ्यावर धुकं आलं, ट्रक आला. तिथं माहा श्वास नेहमीसारखा अडकला. पण आईची ओळ अर्धी बाकी होती. ती अर्धी टाकून कसं थांबणार. ओळ पुरी केली, श्वास सुटला, आणि ट्रक मागं राहिला. असं पाच-सहा वेळा उतरलो. दुसऱ्यांदा पट्टा बांधला तवा पारा एकशे सेहेचाळीस आणि ब्याण्णववर आला.

डॉक्टरनं विचारलं की ओठ काऊन हालून राह्यले. मी ओवीचं सांगितलं, आणि तोंड उघडलंच होतं तर बावीस जुलैचं आणि बोटांचंही सांगितलं. वाटलं आता लाल शाई नक्की. ते पेन खाली ठेवून ऐकत राहिले. मग लिहिलं, गोळी चालू, दर महिन्याले तपासणी, आणि घाटावर आधी एक फेरी इन्स्पेक्टर शेजारी बसवून. ती नीट झाली तर गाडी माही.

सोमवारी, तेवीस तारखेले, सव्वाअकराची मलकापूर. मी डेपोत कबूल करून आलो हाय की हात आवळले तर घाटाच्या वरच गाडी उभी करीन आणि चाबी देईन. लोकांच्या जिवाशी मी खेळणार नाही. म्हणून आईले सांग, हॉर्न वाजला तर भाऊ हाय. गाडी मुकी गेली तर दुसरा ड्रायव्हर हाय, आणि मी वर बसलेला हाय, जिवंत. घाबरायचं नाही.

गीता आता मोठ्यानं हसते, हे तुले सांगायले म्हणाली. तुम्ही दोघी आहात तोवर मले कशाची कमी नाही.

तुमचा,
भाऊराव

मोताळा,
ता. २३-१०-१९६७, दुपारी दोन

चि. भाऊराव यास,

अनेक आशीर्वाद व जयभीम.

तुझं पत्र वाचलं आणि आई ऐकेना. उंद्रीत बसून हॉर्न ऐकू येतो का, असं मलाच विचारलं. म्हणून काल तिला घेऊन परत मोताळ्याला आले. माझ्या रजा आता संपल्या, पुढचा आजार जरा बेतानं काढ.

आज सकाळी दहालाच तिनं जातं मांडलं. दळायला काही नव्हतं, घरात पीठ भरलेलं होतं. तरी डब्यातली ज्वारी काढली. मी दारात उभी. अकरा वाजले, सव्वाअकरा झाले. शाळेची पोरं घंटा ऐकून गेली. साडेअकरा झाले. रस्त्यावर एक बैलगाडी आणि एक सायकल, बाकी काही नाही. मी नर्स आहे, मला लोकांना धीर देता येतो असा माझा समज होता. मला आज तिसऱ्या वळणाशिवाय दुसरं काही दिसत नव्हतं. आईला म्हटलं, घाटात काही झालं असेल. तिचा हात फिरत होता, ओळ संपत होती, दाणे पडत होते.

पावणेबाराला वळणावर गाडीचा आवाज आला. गाडी दिसली, आत कोण ते उन्हामुळे दिसेना. ती घराच्या जवळ आली, दारासमोरच्या चिंचेपर्यंत आली, चिंच ओलांडली, आणि हॉर्न नाही. मग घर अगदी मागं पडता पडता वाजला. एकदा, आणि जरा थांबून पुन्हा एकदा.

आई ओवीच्या अर्ध्यात होती. मला वाटलं आता ती उठेल, धावेल. ती उठली नाही. खुंटा हातात तसाच, ओळ शेवटपर्यंत नेली, सगळा श्वास सोडला. मग जातं थांबवून म्हणाली, आला.

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की ती गाडी वळणावर दिसल्यापासून मी श्वास धरून उभी होते.

उशीर का झाला आणि पहिला हॉर्न एवढा पुढे जाऊन का दिलास, हे सवडीनं कळव. आई म्हणते, ओळ पुरी केल्याशिवाय त्याने हॉर्न दिला नसेल. गोळी चुकवू नको. हे पत्र आत्ताच्या मलकापूरच्या गाडीत कंडक्टरकडे देते, निघायच्या आत तुला मिळेल. परतीच्या फेरीला आम्ही दोघी चिंचेखाली उभ्या आहोत, पेरू घेऊन. थांबला नाहीस तरी चालेल, जाताना आमच्याकडे एकवार बघ.

तुझी,
अक्का